अर्धा इंच, बारा आटे

मेकॅनिकलच्या मुलाला घरच्यांनी एक बोल्ट आवळायला सांगावा आणि त्याने तो आवळता आवळता मशीनच बिघडवून ठेवावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नसेल. माझ्या हातून ती घडली आहे. पण त्या फजितीमुळेच मला एका माणसाची नीट ओळख झाली. तो १८८७ साली वारला. आपण सगळ्यांनी त्याचं नाव सेकंड इयरच्या मशीन ड्रॉइंगच्या शीटवर लिहिलंय, बहुतेकांनी तर जीटी मारून. मी पण त्यातलाच! त्याचं नाव सर जोसेफ व्हिटवर्थ.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे. आजोबांनी फार वर्षांपूर्वी एक जुना हलर विकत घेऊन भाताची गिरणी टाकली. पूर्वी ती डिझेल इंजिनवर चालायची, आता मोटरवर चालते. दिवाळी झाली की झोडणी उरकते आणि पाड्यापाड्यांवरून बायका डोक्यावर भाताची गोणी घेऊन येतात. तिथपासून होळीपर्यंत गिरणीचा सीझन. माझी हॉस्टेलची दुसऱ्या टर्मची फी त्या सीझनमधूनच निघते.

गेल्या खेपेस सुट्टीत घरी गेलो तेव्हा नेमका हलरच्या बेअरिंगच्या टोपीचा एक बोल्ट तुटलेला. उरलेलं खुंट मी पक्कडीने फिरवून अलगद बाहेर काढलं आणि बाबांसमोर थोडा भावही खाल्ला. मग व्हर्नियर लावला. १२.४ मिलिमीटर आलं. वरचे चार दशांश मी गंजाच्या खात्यात टाकले, शहापूरला गेलो आणि दुकानातून बारा एमएमचा चकचकीत हाय टेन्साइल बोल्ट आणला.

बोल्ट दोन आटे हाताने गेला. तिसऱ्याला अडकला. मी म्हटलं, भोकात घाण असेल. पाना लावला. पाना पुरेना म्हणून पान्यात तीन फुटी पाइप घातला. थोडा जोर दिल्यावर बोल्ट एकदम मऊ फिरायला लागला. ज्याने हे अनुभवलंय त्याला माहीत आहे, त्या मऊपणाने पोटात कसा गोळा येतो ते. बोल्ट बाहेर ओढला तर त्याच्याबरोबर भोकातून काळी बिडाची पूड पडली. आटे गेले होते. बाहेर सात-आठ गोणी नंबर लावून उभ्या. बाबा काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बेअरिंगचं ब्रॅकेट खोलून गोणीत घातलं आणि सरळगावमार्गे मुरबाडला नेलं. तिथे बाजाराच्या मागे एका मिस्त्रीकाकांचं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंग सेट, बस्स. काकांनी भोकाकडे पाहिलं, माझ्या नव्या बोल्टकडे पाहिलं आणि मी काय शिकतो ते विचारलं. मी सांगितलं. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. खिशातून त्यांनी पिच गेज काढलं आणि तुटलेल्या जुन्या बोल्टावर एक एक पान लावून बघितलं. १२ नंबरचं पान असं बसलं की मधून उजेड दिसेना. मग तेच पान माझ्या नव्या बोल्टावर धरलं, तर मधून सगळं आरपार दिसत होतं. त्यांनी मला समजावलं की जुना बोल्ट अर्धा इंची, बारा आट्यांचा, विटवडचा आहे. एमएमचा बोल्ट त्यात कधीच बसणार नाही.

विटवड! हे काय प्रकरण आहे ते कळायला मला मिनिटभर लागलं. पुस्तकातला ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ मुरबाडच्या बाजारात विटवड झाला होता. ज्याचा ५५ अंशांचा कोन मी शीटवर काढला होता, त्याच्याच आट्यांची मी वाट लावली होती. हॉस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत बसून मी त्या माणसाचं चरित्र वाचून काढलं. ते थोडक्यात सांगतो.

व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावी झाला. वडील शाळामास्तर, पुढे ते धर्मोपदेशक झाले. आई त्याच्या लहानपणीच वारली. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमध्ये एका नातेवाइकाच्या सूतगिरणीत कामाला धाडलं. पोरगं धंदा शिकेल आणि पुढे गिरणीत भागीदार होईल, असा घरच्यांचा हिशेब. पण पोराचं लक्ष सुतापेक्षा सूत काढणाऱ्या यंत्रांवर. तिथल्या यंत्रांची घडण त्याला फारच ओबडधोबड वाटे. सुमारे चार वर्षं काढून तो तिथून निसटला आणि मँचेस्टरला साधा कारागीर म्हणून नोकरीला लागला. डिग्री नाही, डिप्लोमा नाही. हाताला काळं लागतं याचाच त्याला आनंद.

१८२५ साली त्याने फॅनी अँकर्स या मुलीशी लग्न केलं आणि दोघं लंडनला गेली. तिथे त्याला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात काम मिळालं. मॉडस्ले म्हणजे त्या काळातला लेथचा बादशहा. त्याच्याकडे एक मायक्रोमीटर होता, त्याला सगळे लॉर्ड चॅन्सलर म्हणत. दोन कारागिरांत मापावरून वाद झाला की निकाल त्याच्याकडे, आणि त्यावर अपील नाही! पुढे व्हिटवर्थने जोसेफ क्लेमंटकडेही काम केलं. हा क्लेमंट चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनचे भाग बनवत होता. म्हणजे कॉम्प्युटरवाल्या मित्रांनी पण हा लेख सोडून देऊ नये.

मॉडस्लेकडे असताना व्हिटवर्थने एक ध्यास घेतला, खरोखर सपाट पृष्ठभाग कसा बनवायचा याचा. ऐकायला फालतू वाटतं, पण सरळपट्टी तपासायला आधी एक सरळपट्टी लागते, मग पहिली कुठून आणायची? उत्तर असं की लोखंडाच्या दोन नाही, तीन प्लेटी घ्यायच्या. एकीला शेंदूर आणि तेलाचा पातळ हात द्यायचा, दुसरी तिच्यावर घासायची, जिथे रंग लागेल तिथलं उंचवट्याचं लोखंड हाताने खरवडायचं. दोनच प्लेटी असतील तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या एकमेकींवर छान बसतात आणि आपली फसगत होते. तिसरी आली की लबाडी उघडी पडते. तिन्ही आळीपाळीने एकमेकींशी जुळल्या की त्या सपाट असल्याच पाहिजेत. फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये ज्या सरफेस प्लेटवर आपण जॉब तपासला, तिच्या मागे हे डोकं आहे. या पद्धतीवर त्याने १८४० साली ग्लासगोला शास्त्रज्ञांच्या सभेत निबंध वाचला.

त्याआधी १८३३ साली तो मँचेस्टरला परतला होता. चॉर्ल्टन स्ट्रीटवर एक खोली भाड्याने घेतली आणि बाहेर पाटी लावली की हा लंडनहून आलेला हत्यारं बनवणारा आहे. मुंबईला नोकरी करून आलेला आपला माणूस गावात दुकान टाकतो तेव्हा पाटीवर मुंबई घालतोच ना, तसंच हे.

आता मुद्द्याचं. त्या वेळी इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा होता. एकाचा अर्धा इंची बोल्ट दुसऱ्याच्या अर्धा इंची नटात जायचा नाही. पुष्कळदा एकाच कारखान्यातले दोन बोल्टही अदलाबदल करता येत नसत. मशीन खोलताना कुठला नट कुठल्या बोल्टाचा याची खूण करून ठेवावी लागे. बोल्ट हरवला किंवा भोकातला आटा गेला, तर मशीन जिथून आली त्या कारखान्याकडे जा, नाही तर बसा. जरा कल्पना करा, आमच्या हलरसाठी मला मुरबाडऐवजी मँचेस्टरला जावं लागलं असतं!

व्हिटवर्थने काय केलं? देशातल्या अनेक कारखान्यांमधून बोल्ट गोळा केले, सगळ्यांचे आटे मोजले आणि सरासरी काढली. कोन आला ५५ अंश. आट्याचं टोक आणि मूळ, दोन्ही उंचीच्या एक षष्ठांशाने गोल करायचं ठरवलं. मग प्रत्येक मापाला एका इंचात किती आटे याचा तक्ता केला. पाव इंचाला २०, तीन अष्टमांशाला १६, अर्ध्याला १२, पाऊण इंचाला १०, पूर्ण इंचाला ८. हा तक्ता त्याने १८४१ साली लंडनला सिव्हिल इंजिनियर्सच्या संस्थेपुढे मांडला.

मला यातली सरासरीची गोष्ट फार आवडली. त्या वेळी त्याच्याएवढी अचूक मशीन कोणाची नव्हती. त्याला स्वतःचाच आटा सगळ्यांच्या गळ्यात मारता आला असता. पण मग इतरांनी तो घेतला असता का? सरासरी काढल्यामुळे प्रत्येकाला थोडं बदलावं लागलं, पण पूर्ण हरल्यासारखं कोणालाच वाटलं नाही. कायद्याची सक्ती नसताना आधी रेल्वेवाल्यांनी आणि मग बाकीच्यांनी तो आटा घेतला. १८६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये तो सगळीकडे झाला होता.

नुसतं ठरवून भागत नाही, ते मोजताही यावं लागतं. त्यासाठी त्याने एक मोजयंत्र बनवलं आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडलं. इंचाला २० आट्यांचा स्क्रू, त्याला २०० दात्यांचं चाक, आणि ते फिरवणाऱ्या चाकावर २५० भाग. गुणाकार करून बघा, बरोबर दहा लाख येतो. म्हणजे इंचाचा दहा लाखावा भाग! तोसुद्धा इलेक्ट्रॉनिक्सशिवाय, नुसत्या आट्यांच्या जोरावर.

याचा उपयोग लवकरच दिसला. १८५३ ते ५६ च्या क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश आरमाराला गनबोटींसाठी इंजिनांचे नव्वद संच तातडीने हवे होते. एकाच कारखान्यात ते होणं शक्य नव्हतं. मग सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत बनवून घेतले आणि जोडले. मापं आणि आटे सगळीकडे एक, म्हणून ते जमलं आणि काम नव्वद दिवसांत झालं.

तिकडची गोष्ट आपल्याकडे कशी आली? रेल्वेने. जीआयपी रेल्वे १८६१ साली आमच्या आसनगाववरून कसाऱ्यापर्यंत पोहोचली. त्या काळात इंजिनं, पूल, पंप सगळा माल विलायती, आणि विलायती माल म्हणजे इंच आणि व्हिटवर्थचे आटे. आपल्याकडचे फिटर, टर्नर त्याच मालावर शिकले. पुढे इथे तयार झालेल्या मशिनरीतही तोच आटा उतरला. देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं स्वीकारली, पण बिडाची मशीन माणसापेक्षा जास्त जगते. आमचा हलर अजून इंचातच आहे.

माझं कुठे चुकलं ते आता आकड्यांत सांगतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. जुना बोल्ट झिजून १२.४ झाला होता. इंचाला बारा आटे म्हणजे पिच सुमारे २.१२ मिलिमीटर. माझ्या बारा एमएमच्या बोल्टाचा पिच १.७५. दर आट्याला ०.३७ चा फरक. तीन आट्यांत हा फरक १.१ होतो, म्हणजे पिचच्या निम्मा. बोल्टाचं टोक भोकातल्या आट्याच्या बरोबर टोकावर चढतं. बीड हा ठिसूळ धातू, त्याने माझ्या पाइपासमोर मान टाकली. मी फक्त व्यास मोजला, पिच मोजलाच नाही. मोजायला पिच गेजही लागत नव्हतं. पट्टी लावून एका इंचात किती शिखरं येतात ते मोजलं असतं तरी कळलं असतं.

काकांनी दुरुस्ती कशी केली ते लिहून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. गेलेल्या आट्यावर उपाय तीन. पहिला, भोक मोठं करून पुढच्या मापाचा आटा पाडायचा आणि जाड बोल्ट घालायचा. पण मग टोपीचं भोकही मोठं करावं लागतं आणि चारांतला एक बोल्ट वेगळा होतो. दुसरा, हेलीकॉइल. चौकटच्या आकाराच्या तारेची ही स्प्रिंग असते. भोक थोडं मोठं करून तिच्या खास टॅपने आटा पाडायचा, स्प्रिंग आत फिरवून पृष्ठभागाच्या किंचित खाली बसवायची आणि तळाची शेपटी मोडून काढायची. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत याचा खूप वापर झाला. आज आपल्या बाइकच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लगचा आटा गेला की गॅरेजवाले हेच करतात. पण माझं भोक नुसतं गेलं नव्हतं, पाइपाच्या जोराने वाकडंही झालं होतं. म्हणून काकांनी तिसरा उपाय घेतला, बुश.

आधी ब्रॅकेट ड्रिलखाली पॅकिंग देऊन ओळंब्यात बांधलं आणि भोक सव्वासोळा मिलिमीटरचं केलं. लेथवर पोलादाची बुश बनवली, बाहेरून पाऊण इंची, दहा आट्यांची, आतून अर्धा इंची, बारा आट्यांची. मग पाऊण इंची टॅपचा सेट माझ्या हातात दिला, टेपर, सेकंड आणि प्लग. आटा मीच पाडायचा, असा त्यांचा हुकूम. मी सवयीने तेलाची बुधली उचलली, तर त्यांनी हात धरला. बिडाला तेल नको, पूड आणि तेलाचा चिखल होऊन टॅप अडकतो, बीड कोरडंच कापायचं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. तासभर लागला. बुश घट्ट फिरवून बसवली आणि कडेला पंचाने तीन ठोके मारून लॉक केली. मग अर्धा इंची नवा बोल्ट हातात दिला. तो नुसत्या बोटांनी तळापर्यंत गेला. इतकं बरं मला फर्स्ट क्लास मिळाल्यावरही वाटलं नव्हतं.

व्हिटवर्थ फार सोपा माणूस होता असं समजू नका. हट्टी होता, तापट होता, आपलंच खरं करणारा होता. १८५४ मध्ये सरकारने त्याला बंदुकीच्या कामात ओढलं. त्याने षटकोनी नळीची रायफल बनवली. १८५७ च्या चाचण्यांत तिने सरकारी एनफील्डला अचूकपणात मागे टाकलं. १८६० साली विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्‌घाटन राणी व्हिक्टोरियाने याच रायफलीने केलं. तरी लष्कराने ती घेतली नाही, कारण नळी बारीक, लवकर घाण धरणारी आणि किंमत फार. सगळ्यात अचूक वस्तू सगळ्यात उपयोगी असतेच असं नाही. जी गोष्ट त्याने आट्यांच्या बाबतीत सांभाळली, ती बंदुकीच्या बाबतीत निसटली, असं मला वाटतं. घरातही सुख बेताचंच. फॅनी आणि तो शेवटी वेगळे राहत. ती १८७० मध्ये गेली, पुढच्या वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. मूलबाळ झालं नाही.

पण पैसा त्याने नीट लावला. १८६८ साली त्याने होतकरू इंजिनियर मुलांसाठी दरसाल १०० पौंडांच्या तीस स्कॉलरशिप ठेवल्या. स्वतः कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसाला वाटत होतं की मुलांना पुस्तक आणि हत्यार दोन्ही चालवता यायला हवीत. १८६९ मध्ये त्याला बॅरोनेट केलं. २२ जानेवारी १८८७ रोजी मोंटे कार्लो इथे तो वारला. त्याच्या संपत्तीतून मँचेस्टरमध्ये हॉस्पिटल, कलादालन, विद्यापीठाचा हॉल अशी कामं उभी राहिली.

त्याचा आटाही अजिंक्य राहिला नाही. गोल टोकं बनवायला कठीण म्हणून अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंशांचा, चपट्या टोकांचा सोपा आटा सुचवला. आजचा मेट्रिक आटा ६० अंशांचाच आहे. पण व्हिटवर्थ अजून गेलेला नाही. आपल्या हॉस्टेलच्या बाथरूममधले अर्धा इंची नळ ज्या पाइपांत बसतात, तिथला आटा ५५ अंशांचा, इंचाला १४ चा, त्याच घराण्यातला आहे. तेव्हा नळ गळतो म्हणून पान्याने पिळू नका, टेफ्लॉन टेप लावा.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. काकांचे इंची टॅप एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असतात. आता सगळं काम एमएमचं येतं, महिन्याला एखादं गिऱ्हाईक इंची निघतं. त्यांनी तो डबा टाकून दिला असता तर आमचा हलर भंगारात गेला असता. एकदा स्टँडर्ड ठरलं की झालं, असं मी समजत होतो. पण कोणीतरी ते टॅप सांभाळतं, तोवरच ते स्टँडर्ड जिवंत असतं.

तिसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली. माझी फी वेळेवर भरली गेली. निघताना पाहिलं, तर बाबांनी हलरच्या अंगावर लाल ऑइलपेंटने अर्धा इंच, बारा आटे असं लिहून ठेवलं होतं. मला ते काही म्हणाले नाहीत. पण यापुढे तिथे जो कोणी पाना घेऊन येईल, त्याने आधी ते वाचावं. आणि न वाचताच आला, तर निदान पहिले तीन आटे बोटांनी फिरवून बघावेत, एवढंच माझं सगळ्यांना सांगणं आहे.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी